दोन्ही बाजूंची पत्रं

माणूस गेल्यावर त्याची पत्रं हाती लागली, तर ती वाचावीत की तशीच बांधून ठेवावीत, हा प्रश्न बहुतेक घरांत कधी ना कधी येतो. सामान्य माणसाच्या बाबतीत तो घरच्या घरी मिटतो. कुणी वाचतं, कुणी गंगेला देतं, कुणी बंबात घालतं. कवीच्या बाबतीत मात्र तो आपल्यासारख्या वाचकांच्या दारात येऊन उभा राहतो. कविता त्यानं आपल्यासाठी लिहिलेली असते. पत्र त्यानं एकाच माणसासाठी लिहिलेलं असतं. ते आपण उघडतो तेव्हा दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकतो, हे विसरून चालत नाही. तरीही आपण उघडतो, कारण कवितेतला माणूस आणि घरातला माणूस एकच होता का, हे जाणून घ्यायची ओढ काही सुटत नाही.

आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना ही ओढ एका कवीबद्दल जरा जास्तच आहे. त्यांचं नाव आत्माराम रावजी देशपांडे. उभा महाराष्ट्र त्यांना कवी अनिल म्हणून ओळखतो. 11 सप्टेंबर 1901 रोजी त्यांचा जन्म मूर्तिजापूरला झाला. माझं गाव बोरी अरब, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. दारव्ह्याहून कारंज्यावरून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे आता धावत नाही, पण माझ्या वयाच्या लोकांना मूर्तिजापूर म्हटलं की तीच आठवते. कपाशीच्या गाठी वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातलेली ती गाडी पुढे माणसांची झाली. तिच्या एका टोकाला असा कवी जन्मला, याचा आम्हाला अभिमान. पण अभिमान वाटणं निराळं आणि ओळख असणं निराळं. अनिलांची ओळख मला त्यांच्या कवितेइतकीच 'कुसुमानिल' या पत्रसंग्रहानं करून दिली.

ही पत्रं समजून घ्यायची तर आधी ती लिहिणाऱ्या दोघांकडे पाहायला हवं. अनिलांचं शालेय शिक्षण अमरावतीला झालं. पुढच्या शिक्षणासाठी ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे त्यांची गाठ पडली कुसुम जयवंत या मुलीशी. तिचा जन्म अमरावतीचा, 10 नोव्हेंबर 1904 चा. पुण्यात हुजूरपागेत शिकून ती कॉलेजात आली होती. म्हणजे दोघंही वऱ्हाडातली, आणि ओळख झाली ती शेकडो मैलांवरच्या पुण्यात. मुलींनी कॉलेजात जाणं हीच तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. अशा काळात एक मुलगा आणि एक मुलगी एकमेकांना पत्रं लिहू लागली. दोघांची जात वेगळी. घरच्यांचा होकार सहजासहजी मिळावा असे ते दिवस नव्हते. पण पत्रं थांबली नाहीत. 1929 साली दोघांचं लग्न झालं, आणि तोवरच्या त्या पत्रांचं पुढे पुस्तक झालं.

आजच्या मुलांना यातली खरी अडचण सांगून समजणार नाही. क्षणात निरोप पोचतो, पोचल्याची खूणही दिसते. 1922 साली पोस्टाचे दर वाढले, तेव्हा कार्ड अर्ध्या आण्याला आणि पाकिटातलं पत्र एका आण्याला झालं. कार्ड स्वस्त, पण ते पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कुणीही वाचावं. मनातलं लिहायचं तर पाकीटच हवं, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला एक आणा जड होता. त्यातून पत्र कुणाच्या हाती पडेल याचा धाक. मुलीच्या नावानं वरचेवर पाकीट येऊ लागलं की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावणारच. म्हणजे प्रत्येक पत्रामागे पैशाचा, वेळेचा आणि धैर्याचा खर्च होता. एवढा खर्च करून माणूस जे लिहितो, ते तो उगाच लिहीत नाही.

मधल्या काळात कुसुमताईंनी 1926 मध्ये नागपूर विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली आणि त्या विलायतेला गेल्या. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून त्यांनी 1929 मध्ये तिथली पदवी मिळवली. विलायतेची डाक तेव्हा आठवड्यातून एकदा मुंबईहून बोटीनं निघे. पत्र पोचायला दोन-अडीच आठवडे, उत्तर यायला तेवढेच. आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर महिना-सव्वा महिन्यानं हाती यायचं. तोवर विचारणाऱ्याच्या मनातला प्रश्नच बदललेला असायचा. असं असताना नातं टिकवायचं, तर समोरच्या माणसावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मला अनिलांच्या स्वभावाची पहिली खूण इथे दिसते. ज्या मुलीशी लग्न करायचं, ती शिकण्यासाठी परदेशी जाते आहे. त्या काळच्या कितीतरी तरुणांनी आधी लग्न, मग पाहू, असा हट्ट धरला असता. अनिल स्वतः वकिलीची परीक्षा झालेले होते. घर मांडायला हरकत नव्हती. पण लग्न झालं ते ती पदवी घेऊन परत आल्यावर. बायकोच्या शिक्षणाचं कौतुक भाषणात करणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी स्वतःचा संसार लांबणीवर टाकणारे थोडे.

पत्रांत प्रेम आहेच, पण नुसतं प्रेम नाही. वाचन आहे, अभ्यासाची काळजी आहे, घरच्यांविषयीची घालमेल आहे, वाट पाहणं आहे, रुसणं आहे आणि समजूत काढणंही आहे. प्रेमपत्रं म्हणजे केवळ गोड गोड लिहिणं, अशा समजुतीनं जो हे पुस्तक उघडेल, त्याला दोन तरुण माणसं पुढच्या आयुष्याचा आराखडा आखताना दिसतील. लग्नाआधीची ही पत्रं असली, तरी मला ती संसाराचीच पहिली पानं वाटतात.

आता या पुस्तकाच्या नावाकडे पाहा. 'कुसुमानिल'. आधी कुसुम, मग अनिल. संधीच्या सोयीसाठी तसं झालं असेल असं कुणी म्हणेल. पण दोघांपैकी जास्त प्रसिद्ध कोण होतं, हे लक्षात घेतलं की या क्रमाचं मोल कळतं. पुस्तक निघालं 1972 मध्ये. कुसुमावती 17 नोव्हेंबर 1961 रोजी गेल्या होत्या. मध्ये अकरा वर्षं लोटली होती, अनिलांनी सत्तरी ओलांडली होती. नावाजलेल्या कवीची तरुणपणची पत्रं म्हणून नुसती स्वतःची पत्रं त्यांनी छापली असती, तरी वाचक मिळालेच असते. त्यांनी दोघांची छापली.

ही गोष्ट वरवर साधी वाटते, ती साधी नाही. जगातल्या किती पत्रसंग्रहांत एकच आवाज ऐकू येतो! इंग्रज कवी कीट्स 1821 मध्ये वयाच्या पंचविशीत गेला. फॅनी ब्रॉन या मुलीवर त्याचं प्रेम होतं. त्यानं तिला लिहिलेली पत्रं तिनं जन्मभर जपली, आणि तिच्यामागे 1878 मध्ये ती छापली गेली. तिनं त्याला लिहिलेली पत्रं मात्र उरली नाहीत. शेवटी आलेली काही तर त्यानं न उघडताच आपल्याबरोबर पुरायला सांगितली होती. परिणाम काय झाला? त्याची तळमळ, त्याचा संशय, त्याचा मत्सर सगळ्यांनी वाचला, आणि कितीतरी वर्षं लोक त्या मुलीला उथळ, निष्ठुर ठरवत राहिले. तिनं कीट्सच्या बहिणीला लिहिलेली पत्रं 1930 च्या दशकात प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे जगाला कळलं, की ती विचारी आणि मायाळू मुलगी होती. एकतर्फी पत्रांनी एका बाईवर साठ वर्षं अन्याय केला.

याच्या उलट उदाहरणही इंग्रजीतलंच आहे. रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट हे दोघंही कवी. 1845 च्या जानेवारीत त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि 1846 च्या सप्टेंबरात, तिच्या वडिलांना न सांगता, त्यांनी लग्न केलं. वीस महिन्यांत दोघांनी मिळून साडेपाचशेहून अधिक पत्रं लिहिली. एलिझाबेथ 1861 मध्ये गेली. रॉबर्टनं आपले इतर बरेच कागद जाळले, पण ही पत्रं एका पेटीत जपून ठेवली, आणि माझ्यामागे तुला वाटेल ते कर, असं मुलाला सांगून ठेवलं. मुलानं 1899 मध्ये दोघांची पत्रं छापली. कुसुमावती गेल्या त्या एलिझाबेथनंतर बरोबर शंभर वर्षांनी. पण ब्राउनिंगनं जो निर्णय मुलावर सोपवला, तो अनिलांनी स्वतः, जिवंतपणी, स्वतःच्या डोळ्यांदेखत घेतला. लोक काय म्हणतील ते त्यांना ऐकावं लागणार होतं. म्हातारपणी आपलं तरुणपण असं चारचौघांत मांडायला मन निर्मळ लागतं.

अनिल काही काळ न्यायाधीश होते, हे मला या ठिकाणी हमखास आठवतं. न्यायाधीशाची पहिली सवय म्हणजे दोन्ही बाजू ऐकणं. आपल्या प्रेमाच्या बाबतीतही त्यांनी तोच शिरस्ता पाळला असं वाटतं. माझी साक्ष आहे, तशी तिचीही आहे. दोन्ही वाचा आणि मग ठरवा.

मला हे इतकं का लागतं, ते सांगते. बोरी अरबला आमच्या घरी ओसरीवर खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली असे. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत ओवायचं. सोयरिकीची पत्रं, कापसाच्या हिशेबाची कार्डं, लग्नाच्या पत्रिका, सगळं एकाखाली एक. कुणी गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड तेवढं घरात ठेवायचं नाही, वाचून बाहेरच्या बाहेर फाडायचं. ती तार म्हणजे आमच्या घराचा दप्तरखानाच होता. मोठी झाल्यावर एकदा मी ती सगळी पत्रं सोडवून वाचली. वडिलांना आलेली होती, काकांना आलेली होती, आजोबांच्या नावाची तर पिवळी पडलेली कितीतरी होती. आईच्या नावाचं एकही नव्हतं. तिला पत्रं येत नव्हती असं नाही. मावशी लिहायची, मामा लिहायचे. ती चुलीपाशी बसून वाचायची, दोन-तीनदा वाचायची, आणि मग ती पत्रं तारेपर्यंत पोचायचीच नाहीत. बायकांच्या पत्रात जपून ठेवण्यासारखं काही असतं, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, तिच्याही नव्हतं.

आमचंच घर तसं होतं असं नाही. गावोगावच्या तारा अशाच होत्या. त्यामुळे आपल्या आज्या-पणज्या काय विचार करत होत्या, कशाला भीत होत्या, कशावर हसत होत्या, याचा कागद उरलेला नाही. अशा मुलखात एका वऱ्हाडी मुलीनं विशीत लिहिलेली पत्रं एका माणसानं आयुष्यभर सांभाळली, बदल्यांमागून बदल्या झाल्या तरी हरवू दिली नाहीत, आणि अखेर आपल्या पत्रांच्या शेजारी मानानं छापली. माझ्या मते अनिलांच्या चारित्र्याविषयी ही पत्रं जे सांगतात, त्यातलं सर्वांत मोठं हेच आहे. काय लिहिलं ते पुढचं, आधी काय जपलं ते.

आणि ज्यांची पत्रं जपली, त्या काही नवऱ्याच्या सावलीत राहिलेल्या बाई नव्हत्या. लग्नानंतर कुसुमावतींनी नागपूरच्या कॉलेजात कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह. साध्यासुध्या, कष्टकरी माणसांकडे त्यांनी ज्या शांत नजरेनं पाहिलं, ती नजर तेव्हाच्या मराठी कथेत विरळा होती. 'पासंग' हे समीक्षेचं पुस्तक आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा घेतलेला शोध अभ्यासकांना आजही लागतो. पुढे दिल्लीला आकाशवाणीवर स्त्रिया आणि मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्यांनी सांभाळली. 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी त्यांचं निधन झालं. अनिल आधी 1958 मध्ये मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. पती आणि पत्नी, दोघांनीही ते पद भूषवल्याचं दुसरं उदाहरण मराठीत नाही. कुसुमावतींनंतर दुसरी स्त्री अध्यक्ष व्हायला 1975 साल उजाडलं, त्या दुर्गा भागवत. आमच्या यवतमाळला 2019 मध्ये संमेलन भरलं, तेव्हा अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या आणि त्या पाचव्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांत पाच.

अनिलांच्या कवितेचा प्रवासही या पत्रांच्या उजेडात निराळा दिसतो. 'फुलवात' हा पहिला संग्रह 1932 चा, हळव्या प्रेमभावनेचा. पुढे त्यांनी मुक्तछंद मराठीत रुजवला. जपाननं चीनवर केलेल्या आक्रमणात घरदार गमावलेल्या मुलावर त्यांनी दीर्घकविता लिहिली, 'पेर्ते व्हा' म्हणून नव्या पिढीला हाक दिली. अखेरीस दहा ओळींच्या 'दशपदी'ला त्यांनी आपलंसं केलं, आणि तिला 1977 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रेमाच्या कवीला समाजाची जाण नंतर आली, असं म्हणायची आपली पद्धत आहे. पत्रं वाचल्यावर मला तसं वाटत नाही. जातीची भिंत समोर असताना जो डगमगला नाही, त्याला समाज काय असतो ते विशीतच कळलं होतं.

त्यांची नोकरीही याला साजेशी झाली. नागपूर ही तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आपला विदर्भ त्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर न्यायखात्यातून अनिल तिथल्या समाजशिक्षणाच्या कामाकडे आले. शाळेची वेळ निघून गेलेल्या मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची, हे ते काम. पुढे दिल्लीतही त्यांनी याच क्षेत्रात जबाबदारीची पदं सांभाळली. निरक्षर माणसाला पहिली गरज कशाची असते? पुस्तकाची नव्हे, पत्राची. लेकीचं पत्र आलं की ते घेऊन गुरुजींच्या, नाहीतर पोस्टमनच्या पाया पडायचं; पोरीनं सासरचं काही दुखलंखुपलं लिहिलं असेल, तर ते परक्याच्या तोंडून ऐकायचं. बोरीला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याला पत्राची किंमत कळली होती, तो माणूस दुसऱ्याला पत्र वाचता यावं म्हणून झटला, हा मला योगायोग वाटत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. अनिलांचं रुसव्याचं एक गाणं कुमार गंधर्वांच्या आवाजात घराघरांत पोचलं आहे. त्याबद्दल एक गोष्ट हल्ली मोबाइलवर सारखी फिरते. कवी घरी आले, पत्नी निजलेली दिसली, रुसली असेल असं वाटलं, पण ती गेलेली होती. तेव्हा ही कविता सुचली, अशी ती गोष्ट. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण ती खरी नाही. ती कविता कुसुमावती हयात असतानाच लिहिलेली आहे. ती जिवंत माणसाच्या जिवंत रुसव्याची कविता आहे. मला तर खरी हकीकत अधिक आवडते. लग्नाआधी पत्रातून जो रुसला, ज्यानं समजूत काढली, तोच माणूस लग्नाला कैक वर्षं झाल्यावरही बायकोच्या अबोल्यानं तितकाच कासावीस होतो, हे काय थोडं आहे? मरणानंतर बायकोची आठवण काढणारे पुष्कळ असतात. ती समोर असताना तिच्या रुसण्याची दखल घेणारे शोधावे लागतात.

अनिल 8 मे 1982 रोजी गेले. कुसुमावतींनंतर ते जवळजवळ साडेवीस वर्षं जगले, त्यातली पहिली अकरा वर्षं ही पत्रं त्यांच्याजवळच होती. ती छापताना त्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा. मला एवढंच दिसतं, की आपल्या पत्नीचं स्मारक करायचं ठरवल्यावर त्यांनी तिच्याबद्दल लिहून थांबायचं ठरवलं नाही, तिला तिच्याच शब्दांत बोलू दिलं.

आता कुणी कुणाला पत्र लिहीत नाही, हे रडगाणं मी गाणार नाही. काळ बदलतो, निरोपाची साधनं बदलतात. पण तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, गादीखालच्या पिशवीत अजून काही कागद असतील. या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाण्याआधी एकदा चाळून पाहा. त्यात आजोबांचं वळणदार अक्षर असेल तर ते ठेवालच. पण एखाद्या कोपऱ्यात आजीचं चार ओळींचं, काना-मात्रा चुकलेलं कार्ड असेल, तर तेही त्याच पाकिटात, आजोबांच्या पत्राशेजारी ठेवा.